क्रूसापुढच्या रांगेत

माझ्यावर सगळ्यात जास्त ऋण कुणाचं, असं कुणी विचारलं तर मी आईवडिलांच्याही आधी माझ्या धर्ममातेचं सांगेन. बाप्तिस्म्याच्या वेळी तिने मला हातावर घेतलं, एवढ्यापुरतं हे नातं बहुतेक घरांत असतं. पुढे नाताळला नवा शर्ट आणि लग्नात मानाची साडी, की संपलं. माझ्या धर्ममातेने ते संपू दिलं नाही. मी तिला बाय म्हणतो. तिने लग्न केलं नाही. आमच्या चर्चमध्ये रविवारी मिस्सा झाल्यावर मुलांना धर्मशिक्षण द्यायची आणि आठवडाभर स्वतःच्या वाडीत भाजी काढून रेवदंड्याच्या बाजारात बसायची.

माझे वडील चौलच्या वाड्यांमध्ये सुपारीच्या झाडांवर चढायचे. आमच्या घरात सातवीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं, आणि माझे हातपाय चढायला चांगले आहेत असं वडिलांचं मत होतं. सातवी झाल्यावर बाय आमच्या पायरीवर येऊन बसली. वडील म्हणाले, "बसून काय व्हनार हाय?" ती म्हणाली, "काय न्हाय. मला बाजारात बसायची सवय हाय. गिऱ्हाईक आलं न्हाय तरी उठत न्हाय मी." दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. शेवटी आईच म्हणाली, की पोराला शाळेत घाला, पायरीवरून ये-जा करायची पंचाईत झाली आहे. दहावीला आणि बारावीलाही तसंच झालं. मी पदवी घेतली त्या दिवशी वडील तिला म्हणाले, "आता उठ पायरीवरून."

वाचायलाही तिनेच शिकवलं. अक्षरं शाळेत शिकलो होतो, पण मोठ्याने वाचणं, ऐकणाऱ्याला कळेल असं वाचणं, तिने शिकवलं. चर्चमध्ये वाचन करायला मला पहिल्यांदा उभं केलं तेव्हा मी धडाधड वाचून मोकळा झालो. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "येवढी घाई कशाला? देवाला काय अलिबागची गाडी पकडायची हाय?" आज मी पालीला ज्युनियर कॉलेजमध्ये इतिहास शिकवतो. वर्गात वेग वाढला की मला अजून ती गाडी आठवते.

हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढे जे लिहितो आहे ते चिडून लिहितो आहे, आणि चीड कशासाठी आहे ते समजायला ही बाई माहीत असायला हवी.

आमच्या गावात गुड फ्रायडेला एक रिवाज होता. दुपारच्या प्रार्थनेत लाकडी क्रूस वेदीच्या पायरीवर ठेवतात आणि लोक एकेक करून गुडघे टेकून येशूच्या पायांचं चुंबन घेतात. हे सगळीकडेच असतं. इतर ठिकाणी बाजूला कुणीतरी फडकं घेऊन उभं असतं आणि प्रत्येकानंतर पाय पुसतं. आमच्याकडे तसं कुणी उभं राहायचं नाही. ज्याने चुंबन घेतलं त्यानेच आपल्या ओठांची जागा पुसायची आणि फडकं मागच्या माणसाच्या हातात द्यायचं. म्हणजे प्रत्येक जण आपल्या मागच्यासाठी पुसायचा. त्यातून ही रीत कधीतरी पडली असावी, की ज्याचा आपण अपराध केला त्याच्या मागे रांगेत उभं राहायचं. बोलायचं काही नाही. त्याने पुसून फडकं हातात दिलं तर त्याने क्षमा केली. फडकं तसंच जमिनीवर टाकून गेला तर नाही केली. मग पुढच्या वर्षी पुन्हा मागे उभं राहायचं.

हे कुठे लिहिलेलं नव्हतं. फादर दर काही वर्षांनी बदलतात, त्यांतल्या अर्ध्यांना ते कळलंही नसेल. पण गावाला कळायचं. माझ्या लहानपणी दोन सख्खे भाऊ विहिरीवरून बोलत नव्हते. धाकटा मोठ्याच्या मागे उभा राहिला आणि मोठ्याने फडकं खाली टाकलं. त्या संध्याकाळी गावात दुसरा विषय नव्हता. पुढच्या वर्षी मोठ्याने फडकं हातात दिलं, पण त्याच्याकडे न बघता दिलं. "दिलं ना? बघितलं न्हाय तरी चालतंय," बाय म्हणाली. प्रार्थना संपल्यावर बाहेर चेष्टाही चालायची. "काय रे, यंदा कुणाच्या मागे व्हतास?" "बायकोच्या." "ते तर तू रोजच असतोस."

साथीच्या वर्षी चुंबन बंद झालं, ते योग्यच होतं. साथ गेली, लग्नं आणि जत्रा पूर्वीसारख्या सुरू झाल्या, पण चुंबन परत आलं नाही. आता क्रूसापुढे मान लववायची. फडकं राहिलं नाही. रांगही राहिली नाही, कारण आता स्वयंसेवक एकेक बाक उठवतात, पुढून मागे, शिस्तीत. आपण कुणाच्या मागे उभे राहणार हे आपण कुठल्या बाकावर बसलो यावरून ठरतं.

आणि नेमकं त्या काळातच बायच्या हातून ते घडलं.

तिच्या घराला लागून तिच्या भावाचं घर आहे. भाऊ लवकर गेला. त्याच्या बायकोला मी मामी म्हणतो. मामीने दोन मुलं वाढवली, मुलगी लग्न होऊन वसईला गेली आणि मुलाने घराच्या मागे पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची माणसं येतात, मासे खातात, रात्री पितात. आमच्या गावात आता निम्म्या घरांमागे अशा खोल्या आहेत, यात नवल काही नाही. मुलगा पाहुण्यांबरोबर प्यायला लागला आणि एका पहाटे खाडीच्या पुलाजवळ मोटरसायकलवरून पडून गेला. दफनाच्या वेळी, शवपेटी खाली सोडत असताना, मामी "कसं झालं हे, कसं झालं" म्हणून रडत होती. बाय तिच्या शेजारी उभी होती. ती म्हणाली, "कसं म्हंजे? तूच घरात दुकान मांडलंस, त्यानं तिथंच चाखलं."

मी तिथे होतो. ते वाक्य ऐकून माती टाकणाऱ्यांचे हात थांबले. मामीचं रडणंही थांबलं, आणि ते थांबलेलं रडणं मला अजून ऐकू येतं. त्या दिवसापासून मामीने बायशी बोलणं सोडलं. बाय तिच्या दारात गेली तर दार लागायचं. दोन्ही घरांच्या मध्ये अंगण एकच आहे, आणि मामीच्या कुंपणापलीकडे गावाचा दगडी क्रूस आहे. एकीने झाडलं की दुसरी आपल्या हद्दीपर्यंत पाणी मारायची, एकमेकींकडे पाठ करून.

आता माझी चीड कशाबद्दल आहे ते सांगतो. मामीबद्दल नाही. बायने पाप केलं हे बायला त्याच रात्री कळलं होतं. पण ते पाप आहे हे मानायला तिच्याखेरीज दुसरं कुणी तयार होईना.

ती ज्याच्याकडे गेली त्याने तिची समजूत काढली. शेजारणी म्हणाल्या, "खरं तेच बोललीस, त्यात काय?" तिच्या बहिणीचा मुलगा पनवेलला असतो, चांगला, काळजी घेणारा माणूस. तो म्हणाला, "मावशी, त्या वेळी तू स्ट्रेसमध्ये होतीस." फादर तरुण आहेत, मृदू बोलतात. तिने पापनिवेदन केलं, त्यांनी पापक्षमा दिली आणि म्हणाले, आता शांत व्हा, देवाने केव्हाच क्षमा केली आहे. ती मला म्हणाली, "देवानं केली हे मला ठाव हाय. पन त्याच्याशी माझं भांडनच नव्हतं."

मग गेल्या उपवासकाळात, ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, चर्चच्या हॉलमध्ये एक दिवसाचं शिबिर झालं. बाहेरून एक वक्ते आले होते. पडद्यावर सूर्योदयाची चित्रं होती. विषय होता, स्वतःला माफ करायला शिका. दिवसभरात पाप हा शब्द आला नाही. जखम आला, ओझं आला, नकारात्मक विचार आला. शेवटी सगळ्यांनी डोळे मिटून स्वतःच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचं होतं, की मी मला माफ केलं. बाय माझ्या शेजारच्या खुर्चीवर होती. तिने हात वर केला. वक्त्यांना वाटलं, काही अनुभव सांगायचा आहे.

"मीच मला माफ करायचं?" तिने विचारलं.

"हो आजी. अगदी मनापासून."

"म्हंजे तिचं काम मीच करून टाकायचं?"

हॉलमध्ये लोक हसले. वक्तेही हसले, आणि म्हणाले, की आजींचा प्रश्न फार गोड आहे. मग चहा झाला.

घरी जाताना तिने माझा दंड धरला आणि म्हणाली, "तू शिकलास. तू तरी सांग. मी पाप केलं का न्हाय?" तिच्या आवाजात रडू नव्हतं. बाजारात माप विचारावं तसं विचारलं. मी नेहमीच्या वाक्याने सुरुवात केली, "बाय, तू मनाला लावून—" तिने माझा दंड सोडला. "हे न्हाय. विचार कर नि सांग." मी म्हटलं, सांगतो.

मी पालीला परत आलो तरी ते डोक्यातून जाईना. स्टाफरूममध्ये एक सहकारी आहेत, बल्लाळेश्वराचे भक्त, सज्जन गृहस्थ. त्यांना मी नावं न घेता हा प्रसंग सांगितला. ते म्हणाले, "तुमच्या धर्मात हे पाप-पाप फार असतं हो सर. माणसाने हलकं जगावं." मी म्हटलं, हलकं जगणाऱ्या माणसाच्या हातात दिवसभर फोन असतो आणि त्यात तो दिवसभर दुसऱ्यांची पापं मोजत असतो. कोण काय बोलला, कुणी कुणाला फसवलं, कुणाला नोकरीवरून काढायला हवं. तिथे पाप आहे, भरपूर आहे. फक्त ते आपलं नसतं. आपला तो वाईट दिवस, दुसऱ्याचं ते पाप. आणि त्या दुसऱ्याने हजार वेळा माफी मागितली तरी त्याला ती मिळायची नाही, कारण माफ करणारं कुणी तिथे बसलेलंच नाही. सहकारी म्हणाले, "तुम्ही आज फार तापलात." तापलो होतो.

माझ्या मते आपण फार दयाळू झालो आहोत आणि त्या दयेत माणसाला एकटं पाडतो आहोत. कुणी म्हणालं, मी अपराधी आहे, की आपण घाईघाईने म्हणतो, छे छे, नाहीस. त्याला बरं वाटावं म्हणून म्हणतो. पण अपराध नाहीच म्हटल्यावर क्षमा कशाची मिळणार? लहानपणी मला वाटायचं, पाप हा देवाने आपल्याला धाकात ठेवायला काढलेला शब्द आहे. आता वाटतं, तो आशेचा शब्द आहे. जे पाप आहे ते फेडता येत नसलं तरी त्याची क्षमा होऊ शकते. जे नुसता ताण होतं, नुसता स्वभाव होता, नुसता काळ वाईट होता, त्याचं काय करायचं?

बायला दार बंद होतं. बोलायला मामी तयार नव्हती. राहिली होती ती एकच जागा, क्रूसापुढची रांग, जिथे बोलावं लागत नाही आणि पुढच्याला दार लावता येत नाही. "येकदा मला तिच्या मागं उभी राहू दे," ती म्हणायची. "मग टाकू दे फडकं खाली. टाकलं तर टाकलं."

म्हणून मी गुड फ्रायडेच्या आधी चर्चच्या समितीच्या बैठकीला गेलो. समितीचे अध्यक्ष मुंबईत कंपनीत होते, निवृत्त होऊन गावी आले, त्यांच्याही खोल्या आहेत. मी रिवाजाबद्दल बोललो. चुंबन नको तर नको, म्हटलं, हाताने स्पर्श करू द्या, फडक्याने पुसू द्या, पण रांग मोकळी ठेवा. ज्याला ज्याच्या मागे उभं राहायचं त्याला राहू द्या.

"सर, प्रॅक्टिकल बोला," अध्यक्ष म्हणाले. "मोकळी रांग म्हणजे दीड तास. बाक उठवले की अर्ध्या तासात खल्लास. लोकांना घरी जायचं असतं."

"गुड फ्रायडेला घरी जाऊन काय करायचं असतं?"

"अहो, लाँग वीकेंड आहे. सगळ्यांच्या रूम फुल. पाच वाजता गेस्टना चहा-भजी लागतात."

कुणी हसलं नाही. सगळ्यांना ते साधं कारण वाटलं. ज्या दिवशी आम्ही उपवास करायचा, त्या दिवशी गावात वर्षातलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक येतं. घरोघरी सुरमई तळली जाते आणि तळणारी उपाशी असते. मी म्हटलं, मग चहा तासभर उशिरा द्या. एक बाई म्हणाल्या, "द्याल हो तुम्ही. तुमचा पगार पालीला येतो." फादर म्हणाले, रिवाज सुंदर आहे, पण असं कुठे लिहिलेलं आहे का? मी म्हटलं, नाही. "मग पुढच्या वर्षी विचार करू," ते म्हणाले. बायचे गुडघे पुढच्या वर्षापर्यंत टिकतील का, हे तिथे विचारण्यात अर्थ नव्हता. पनवेलचा भाचा तिला ईस्टरनंतर उपचारांसाठी घेऊन जाणार होता. सातव्या मजल्यावरच्या घरातून ती परत कधी येणार, हे त्यालाही माहीत नव्हतं.

गुड फ्रायडेला चर्च भरलं होतं. आमच्याकडे बायका डावीकडे आणि पुरुष उजवीकडे बसतात. मामी बायकांच्या तिसऱ्या बाकावर होती. बायला गुडघ्यांमुळे बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं होतं, इतर म्हाताऱ्यांबरोबर. त्यांच्यासाठी छोटा क्रूस हातात घेऊन कुणीतरी येणार होतं, त्यांना उठावं लागू नये म्हणून.

तिसरा बाक उठला. मामी निघाली. मी पाहिलं, बाय खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. ती बाकाला धरत, चपला घासत पुढे गेली आणि मामीच्या मागे जाऊन उभी राहिली. मामीच्या मागची बाई गोंधळून थोडी सरकली आणि जागा झाली. मामीने मागे पाहिलं नाही. पुढे दोघीतिघी होत्या.

तेवढ्यात जांभळा टी-शर्ट घातलेली एक स्वयंसेविका आली. नर्सिंग शिकलेली, गोड मुलगी. तिने बायचा कोपर धरला. "आजी, तुम्ही का उठलात? या, क्रूस तुमच्याकडे येतो." बाय काहीतरी म्हणाली, तिने मान हलवली. मुलगी हसली, तिच्या कमरेभोवती हात घातला आणि तिला अलगद वळवलं. म्हातारं माणूस असं अलगद वळवलं की त्याला वळावंच लागतं. मी उठलो. "तिला राहू दे तिथे," मी म्हणालो, जरा मोठ्यानेच. चर्चमध्ये त्या दिवशी घंटाही वाजत नाही, त्या शांततेत माझा आवाज वर छतापर्यंत गेला. माना वळल्या. अध्यक्षांनी हाताने मला खाली बसायची खूण केली. मी माझ्या बाकातून बाहेर पडेपर्यंत बाय खुर्चीवर बसलेली होती आणि तिच्यापुढे छोटा क्रूस धरलेला होता. मुलगी तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. त्या मुलीचा राग येत नाही, याचाच मला राग येतो.

मामी क्रूसापुढे गुडघे टेकून उठली आणि क्षणभर तिथेच पाठमोरी थांबली. मग मागे वळली. मागच्या बाईला वाट दिली आणि गेली. मला एवढंच दिसलं.

ईस्टरनंतरच्या सोमवारी भाचा गाडी घेऊन आला आणि बायला घेऊन गेला. ती गाडीत बसताना मला म्हणाली, "सांगतो म्हनला व्हतास." मी मान हलवली.

पुढच्या शनिवारी मी रोह्याला गाडी बदलून घरी आलो. मामीच्या अंगणात पाहुण्यांच्या चादरी वाळत होत्या. तिने मला हाक मारली, गॅसचा सिलिंडर आत घ्यायचा होता. तो ठेवून मी निघालो तर ती चादरी काढता काढता म्हणाली, "तुझ्या बायला सांग, असला खेळ पुन्यांदा करू नको म्हनावं."

"कसला खेळ?"

"मागं येऊन उभी राह्यली. चपला घासत चालते, मला काय कळत न्हाय? मी वळले तर हाय कोन? कोनच न्हाय. उभं राहायचं नि पळायचं. चर्चमदी थट्टा करते?"

"मामी, ती पळाली नाही. तिला नेलं."

"कुनी?"

"त्या टी-शर्टवाल्या मुलीने. उभं राहू नका म्हणून खुर्चीवर बसवलं."

"तू तिचाच. तू तिचंच बोलनार."

मामीने एक चादर काढली. तिच्यामागे दोरीवर एक छोटं पांढरं फडकं होतं, जुन्या धोतराचं, कडा शिवलेल्या. चर्चमध्ये फडकं ठेवणं बंद होऊन काही वर्षं झाली होती. मी त्याच्याकडे पाहतो आहे हे तिने पाहिलं.

"दर वर्षी नेते पिशवीत घालून," ती म्हणाली. "यंदा काढून हातात घेतलं व्हतं. द्यायचं का खाली टाकायचं, ते काय ठरवलं नव्हतं मी. उगाच तिला काही सांगू नको."

ती फडकं काढून घड्या घालायला लागली. एवढ्याशा फडक्याच्या किती घड्या घालणार? मी दारापर्यंत गेलो तेव्हा तिने विचारलं, "गुडघा कवा बरा व्हायचा तिचा?"

"माहीत नाही."

"मला काय त्याचं. आपलं विचारलं."

बायला फोनवर नीट ऐकू येत नाही. समोरचा काय म्हणाला ते न कळता ती व्हय व्हय म्हणत राहते. शिवाय हे भाच्याच्या घरात मोठ्याने ओरडून सांगण्यासारखं नव्हतं. त्या रविवारी मी तिला पत्र लिहिलं आणि सोमवारी कॉलेजला जाताना टाकलं. ते असं होतं.

प्रिय बाय,

तू भिंगाने वाचशील म्हणून अक्षर मोठं काढतो आहे. घाई करू नकोस, मलाही गाडी पकडायची नाही.

तू मला एक प्रश्न विचारला होतास. विचार करून सांग म्हणालीस. मी केला. बाय, तू पाप केलंस. जे बोललीस ते खोटं नसेल, पण आईचं मूल खड्ड्यात सोडत असताना तू ते तिला मारायला वापरलंस. तो ताण नव्हता आणि तुझा स्वभावही नव्हता. तुझा स्वभाव मला माहीत आहे, तू माझ्यासाठी पायरीवर बसलेली आहेस. हे लिहिताना माझा हात थांबला, पण तुझी समजूत काढणारे पुष्कळ आहेत आणि त्यांनी तुला जे दिलं त्याने तुझं काही भागलं नाही. तू पाप केलंस असं म्हणणारा मी एकटा असेन, तर तुला क्षमा मिळू शकते असं म्हणणाराही मीच आहे.

आता दुसरी गोष्ट. मामीने मला सांगू नको म्हटलं होतं, तरी सांगतो. तू तिच्या मागे उभी राहिलीस हे तिला कळलं होतं. तुझ्या चपलांवरून. ती घरून फडकं घेऊन आली होती. दर वर्षी आणते. यंदा ते तिच्या हातात होतं आणि ती वळली, तर तू नव्हतीस. तिला वाटतं, तू उभी राहून पळालीस. मी खरं काय ते सांगितलं, पण मी तुझा माणूस आहे, माझ्यावर तिचा विश्वास नाही. ते तुलाच येऊन दाखवावं लागेल.

फडकं हातात द्यायचं की खाली टाकायचं, हे तिने ठरवलेलं नाही. तसं ती स्वतः म्हणाली. मी तुला खोटी आशा देत नाही.

पुढच्या गुड फ्रायडेची वाट मला बघायची नाही. समिती विचार करणार म्हणते, करू दे. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी मामीच्या कुंपणापलीकडच्या दगडी क्रूसापाशी दर वर्षीसारखी प्रार्थना आहे. तिथे बाक नाहीत, खुर्च्या नाहीत, टी-शर्ट नाहीत. लोक येतात, क्रूसाला ओठ लावतात आणि चणे खाऊन घरी जातात. मागे उभं राहायचा रिवाज तिथला नाही, चर्चमधला आहे, हे मला माहीत आहे. पण तो चर्चमध्येही कुणीतरी एकदा पहिल्यांदाच केला असेल.

मी भाच्याशी बोललो आहे. डॉक्टर चालायला हरकत नाही म्हणाले तर आदल्या दिवशी मी पनवेलला येईन आणि आपण गाडी करून येऊ. तू काठी घे. मामी क्रूसाकडे निघाली की तू तिच्या मागे जा. चपला घासत जा, तिला ऐकू येऊ दे. फडकं ती आणेल. मी विचारलेलं नाही, पण तिने ते धुऊन घडी घालून ठेवलं आहे, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

मी तुझ्या मागे उभा राहीन. कुणी प्रेमाने तुझा कोपर धरायला आलं, तर त्याला अडवीन. पुढचं माझ्या हातात नाही. ते मामीच्या हातात आहे.

तुझा धर्मपुत्र